मैदानाबाहेर बसलेला गडी

रात्रीची जेवणे आटोपल्यावर आमच्या दिवाणखान्यात जी बैठक भरते तिला विषयाचे बंधन नसते, हे या सदराच्या जुन्या वाचकांस ठाऊक आहेच. आमचा पुतण्या सध्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात खेळतो. गेल्या महिन्यात एका रात्री त्याने त्या खेळातील आजवरच्या श्रेष्ठ गड्यांची एक यादी वाचून दाखविली, आणि एका नावापाशी तो थबकला. "काका, हा एल्गिन बेलर चौदा हंगाम खेळला, पण अजिंक्यपद एकदाही मिळाले नाही. त्याचा संघ आठ वेळा अंतिम फेरीत गेला आणि आठही वेळा हरला. मग हा श्रेष्ठ कसा?" कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या आमच्या आत्याबाईंनी मान वर न करताच विचारले, "आठ वेळा तिथवर जाणारे असे कितीसे असतात रे?" पुतण्या निरुत्तर झाला नाही, हल्लीची मुले होत नाहीत. प्रश्न मात्र आमच्या मनात घर करून राहिला, आणि त्या गृहस्थाचे चरित्र मिळेल तेथून आम्ही वाचून काढले. वाचता वाचता असे दिसून आले की, त्याने गुणांचे डोंगर रचले त्या रात्रींपेक्षा तो मैदानात उतरला नाही त्या तीन रात्रीच आम्हांस अधिक विचार करावयास लावतात. त्यांचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

घरातील वडील मंडळींसाठी प्रथम खेळाविषयी थोडेसे. 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने, हिवाळ्याच्या दिवसांत तरुणांना छपराखाली खेळता यावे म्हणून हा खेळ बसविला. दोन्ही बाजूंस पाच पाच गडी असतात. जमिनीपासून दहा फूट उंचीवर एक कडे असते. त्यातून चेंडू वरून खाली गेला की गुण मिळतो. पाचांपैकी दोघांस फॉरवर्ड म्हणतात. कड्याच्या आसपास वावरून गुण मिळवावयाचे आणि हुकून परत आलेला चेंडू प्रतिपक्षाच्या आधी उडी मारून पकडावयाचा, हे त्यांचे काम. या पकडण्यास रिबाउंड असे नाव आहे. बेलर हा फॉरवर्ड होता. त्याची उंची सहा फूट पाच इंच. आपल्या घरांच्या चौकटींना हा आकडा धाक घालील. त्या खेळात मात्र त्याचे फारसे कौतुक नाही.

16 सप्टेंबर 1934 रोजी तो अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन शहरी, जन्मला. त्याच्या नावाची कथा गमतीची आहे. मुलगा झाल्याची वर्दी आली तेव्हा वडिलांनी वेळ पाहण्यासाठी घड्याळ काढले. त्यावर एल्गिन हे कंपनीचे नाव होते, तेच त्यांनी मुलास दिले असे सांगतात. कुटुंब कृष्णवर्णी होते. ज्या शहरात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची मूळ प्रत जपून ठेविलेली आहे त्याच शहरात कृष्णवर्णी मुलांस अनेक सार्वजनिक क्रीडांगणांवर पाऊल ठेवण्याची मनाई होती. त्यामुळे बेलरच्या हाती बास्केटबॉल आला तो चौदाव्या वर्षाच्या सुमारास. शाळेत असता त्याने एकाच सामन्यात 63 गुण मिळविले, परंतु त्या काळी मोठ्या विश्वविद्यालयांचे हेर कृष्णवर्णीयांच्या शाळांकडे फिरकत नसत. एका मित्राच्या खटपटीने त्यास दूर आयडाहो प्रांतातील एका लहानशा कॉलेजात जागा मिळाली, तीही दुसऱ्याच खेळाच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, शिष्यवृत्तीवर. तेथून तो सिअ‍ॅटल विश्वविद्यालयात गेला आणि 1958 साली त्याने तो संघ विश्वविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सामन्यापर्यंत नेला. सामना केंटकीने 84 विरुद्ध 72 असा जिंकला; स्पर्धेतील सर्वोत्तम गडी म्हणून निवड झाली ती मात्र पराभूत संघातल्या बेलरची. पुढील चौदा वर्षांची ही जणू नांदीच होती.

त्याच वर्षी तो धंदेवाईक खेळात उतरला. मिनिआपोलिस येथील लेकर्स या संघाने त्या आधीच्या हंगामात 72 पैकी अवघे 19 सामने जिंकले होते. प्रेक्षक येत नसत आणि तिजोरीत खडखडाट होता. मालक बॉब शॉर्ट याने सर्व नवोदितांत पहिली निवड बेलरची केली. बेलरने नकार दिला असता तर आपले दिवाळेच वाजले असते, अशी कबुली शॉर्टने पुढे स्वतःच दिली आहे. पहिल्याच हंगामात बेलरने प्रत्येक सामन्यास सरासरी सुमारे 25 गुण आणि 15 रिबाउंड मिळविले, आणि तळाशी गेलेला संघ अंतिम फेरीत जाऊन उभा राहिला. तेथे बॉस्टनच्या सेल्टिक्स संघाने त्यांस सलग चार सामन्यांत गारद केले.

याच पहिल्या हंगामात ती पहिली रात्र आली. 16 जानेवारी 1959 रोजी लेकर्सचा सामना वेस्ट व्हर्जिनिया प्रांतातील चार्ल्स्टन शहरी, सिनसिनाटीच्या संघाशी, ठरला होता. संघ हॉटेलात पोहोचला तेव्हा चालकांनी सांगितले की, गोऱ्या गड्यांस खोल्या मिळतील, तिघा कृष्णवर्णी गड्यांस मिळणार नाहीत. संघाने ते हॉटेल सोडले आणि सर्वांनी मिळून कृष्णवर्णीयांच्या एका निवासगृहात मुक्काम केला. पुढे जेवणासाठीही त्या तिघांस दारोदार नकारच ऐकावे लागले. रात्री प्रेक्षागृह भरले. ज्याचे नाव वाचून लोकांनी तिकिटे काढली होती तो बेलर मात्र नेहमीच्या कपड्यांत येऊन बाकावर बसला. हॉट रॉड हंडली हा त्याचा सहकारी मूळ त्याच गावचा. आपल्या गावकऱ्यांपुढे बेलरने खेळावे म्हणून तो विनवावयास आला. बेलरने त्यास शांतपणे सांगितले की, आपण माणूस आहोत, तमाशापुरते पिंजऱ्यातून बाहेर काढावयाचे जनावर नव्हे. हंडली भला माणूस. ते ऐकून त्यानेच उलट खेळू नकोस म्हणून सांगितले. लेकर्स तो सामना हरले. सामना भरविणाऱ्यांनी बेलरला शासन व्हावे अशी ओरड केली, परंतु शॉर्टने आपल्या गड्यास दोष दिला नाही.

बेलरचे वय तेव्हा चोवीस, नोकरीचे पहिलेच वर्ष. एकाही गुणाची नोंद त्याच्या नावे त्या रात्री झाली नाही. आणि आमच्यापैकी कोणी हे वाचून अमेरिकेस नावे ठेवू लागेल तर त्याने क्षणभर थांबावे. पंक्तीला बसविण्याचे आणि उठविण्याचे शास्त्र आपणांस कोणी सातासमुद्रापलीकडून शिकविलेले नाही. ज्याच्या हातचे काम हवे पण ज्याच्या हातचे पाणी नको, अशी माणसे आमच्या आजोबांच्या घरीही मागल्या दाराने येत असत. आत्याबाईंना ती आठवतात.

दुसऱ्या वर्षी तो जिवावरच्या प्रसंगातून वाचला. 1960 च्या जानेवारीत सेंट लुईसहून परतताना संघाच्या विमानातील वीज बंद पडली. बाहेर हिमवादळ, दिशादर्शक साधने निकामी, आत थंडी आणि काळोख. वैमानिकांनी कित्येक तास चाचपडत अखेर आयोवा प्रांतातील कॅरोल गावाजवळ, मक्याच्या शेतातल्या बर्फावर ते विमान उतरविले. कोणासही खरचटलेसुद्धा नाही. मका कापावयाचा राहून गेला होता म्हणून बर्फातून त्याची कणसे वर दिसत होती, आणि त्यावरून वैमानिकांस जमीन कळली. त्या शेतकऱ्याच्या आळसास की अडचणीस, कोणास धन्यवाद द्यावेत हे ठरविणे कठीण आहे.

त्याच्या खेळाचे वर्णन आम्ही करावे हे धाडसच, तथापि जुनी चलच्चित्रे पाहून जे समजले ते सांगतो. त्याच्या पूर्वीचे बहुतेक गडी नजर, पवित्रा आणि हाताचे कसब यांवर जमिनीलगत खेळत. बेलर चेंडू घेऊन उडी मारी आणि मग काय करावयाचे ते जणू वर गेल्यावर ठरवी. आडवे आलेले हात खाली जाईपर्यंत तो अधांतरी राही, चेंडू या हातातून त्या हातात घेई आणि सावकाश कड्यात सोडी. त्याच्या मानेस एक झटका बसण्याची खोड होती. ती हुलकावणी की निव्वळ सवय, हे न उमगून प्रतिपक्षाचे गडी फसत. मैदानाबाहेर तो अखंड बोलत असे, आणि हरेक विषयात अधिकारवाणीने बोलत असे. असे एक माणूस प्रत्येक एकत्र कुटुंबात असतेच, तेव्हा अधिक वर्णन नको.

1959 च्या नोव्हेंबरात त्याने बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात 64 गुण केले. तो त्या काळचा उच्चांक होता. 1960 साली संघ लॉस एंजेलिस येथे गेला, आणि 15 नोव्हेंबर 1960 रोजी न्यूयॉर्क येथे त्याने 71 गुण करून आपलाच उच्चांक मोडला. पण खरा नवलाचा हंगाम 1961-62 चा. बर्लिनच्या पेचप्रसंगामुळे राखीव सैनिकांस बोलावणे आले आणि बेलरला वॉशिंग्टन प्रांतातील फोर्ट लुईसच्या छावणीत रुजू व्हावे लागले. आठवड्याच्या सुटीचा परवाना मिळाला की तो विमानाने जाई, जेथे सामना असेल तेथे खेळे आणि पुन्हा छावणीत हजर होई. संघाबरोबर सराव नाही, पुरती विश्रांती नाही. अशा स्थितीत 80 पैकी 48 सामने खेळून त्याची सरासरी 38.3 गुणांची आणि 18.6 रिबाउंडची पडली. आमच्या पुतण्यास हे आकडे सांगितले तेव्हा त्याने ते दोनदा पडताळून पाहिले.

त्या हंगामाचा शेवटही पुन्हा बॉस्टनशीच. सातांपैकी चार सामने जिंकावयाचे होते. 14 एप्रिल 1962 रोजी पाचव्या सामन्यात बेलरने बॉस्टनच्याच मैदानावर 61 गुण आणि 22 रिबाउंड मिळविले. अंतिम फेरीतील एका सामन्यात 61 हून अधिक गुण कोणीही केलेले नाहीत. लेकर्सना एकच विजय हवा होता. सहावा सामना गेला. सातव्यात शेवटच्या क्षणी दोन्ही बाजूंचे गुण शंभर शंभर असताना लेकर्सच्या फ्रँक सेल्वीने टाकलेला चेंडू कड्यास लागून बाहेर आला. जादा वेळ खेळविण्यात आला आणि बॉस्टनने 110 विरुद्ध 107 असा सामना जिंकला. बेलरचे त्या दिवशीचे गुण 41. आठ पराभवांपैकी जिव्हारी लागावा असा हाच होता.

दुसरी रात्र 14 जानेवारी 1964 ची. बॉस्टन येथे पूर्व आणि पश्चिम विभागांतील निवडक गड्यांचा वार्षिक सामना होता, आणि तो साऱ्या देशभर दूरचित्रवाणीवर दाखविला जावयाचा होता. गड्यांनी निवृत्तिवेतनाची मागणी कित्येक वर्षे लावून धरली होती आणि मालकांनी ती तितकीच वर्षे टोलविली होती. त्या रात्री वीस गडी कपडे चढवून आपल्या खोलीत बसले व लेखी नव्हे तर निदान शब्द तरी मिळाल्याखेरीज बाहेर येणार नाही म्हणाले. प्रेक्षक खोळंबले, दूरचित्रवाणीवाले घड्याळाकडे पाहू लागले. तेव्हा बॉब शॉर्टने दारावरच्या माणसाकरवी आपल्या दोघा गड्यांस, बेलर आणि जेरी वेस्ट यांस, ताबडतोब बाहेर या नाही तर परिणाम भोगा, असा निरोप धाडला. चार्ल्स्टनच्या वेळी पाठीशी राहिलेला शॉर्ट तो हाच! दुसऱ्याच्या अन्यायाविरुद्ध आपल्या माणसाची बाजू घेणे सोपे असते. स्वतःच्या तिजोरीस कात्री लागते तेव्हा धनी निराळा दिसू लागतो. बेलरने मालकास जो उलट निरोप धाडला तो या मासिकात छापण्याजोगा नाही. अखेर संघटनेचा प्रमुख वॉल्टर केनेडी याने निवृत्तिवेतनाचे अभिवचन दिले, गडी बाहेर आले आणि सामना उशिरा का होईना खेळला गेला. ज्यांचे गुडघे मोडले आणि नावे विसरली गेली अशा सामान्य गड्यांस म्हातारपणी जे काही मिळू लागले त्याचे मूळ त्या बंद खोलीत आहे. बेलर तेव्हा खेळाच्या ऐन शिखरावर होता. त्यास स्वतःपुरती काळजी करण्याचे कारण नव्हते.

ते कारण पुढील वर्षीच उपस्थित झाले. 3 एप्रिल 1965 रोजी बॉल्टिमोरविरुद्ध उडी घेताना त्याच्या डाव्या गुडघ्याची वाटी फुटून वरचा तुकडा निराळा झाला. हा पुन्हा चालेल, पण खेळणार नाही, असे पुष्कळांस वाटले. शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या हंगामात तो परत आला खरा, पण सरासरी एकदम 16.6 वर उतरली. त्यानंतर पुन्हा तीन हंगाम त्याने 24 हून अधिक गुणांची सरासरी राखली. मात्र आता तो पूर्वीचा अधांतरी खेळ राहिला नव्हता. दुखऱ्या पायाने आणि शहाणपणाने केलेला तो खेळ होता. मधल्या अंतिम फेऱ्यांची यादी देऊन वाचकांस शिणवीत नाही. 1969 ची तेवढी सांगितली पाहिजे. सातवा सामना लॉस एंजेलिस येथे होता, आणि नवे मालक जॅक केंट कुक यांनी विजयोत्सवासाठी छताशी हजारो फुगे जाळ्यांत बांधून ठेविले होते. बॉस्टनने सामना 108 विरुद्ध 106 असा जिंकला. फुगे वरच राहिले. लग्न ठरण्यापूर्वी मांडव घालणारे यजमान सर्वत्र सारखेच!

1970 साली आठवा पराभव झाला, या वेळी न्यूयॉर्ककडून. त्याच वर्षी पुढील हंगामाच्या आरंभी टाचेवरची शीर तुटली आणि दोन सामन्यांतच त्याचे ते वर्ष संपले. 1971 च्या शरदात तो पुन्हा उभा राहिला. वय सदतीस. नवा शिक्षक बिल शार्मन आला होता. त्यास वेगवान संघ हवा होता, आणि बेलरच्याच जागी खेळणारा जिम मॅकमिलियन हा तेवीस वर्षांचा तरुण बाकावर बसून होता. नऊ सामने झाल्यावर शार्मनने बेलरशी बोलणे केले. सुरुवातीस मॅकमिलियन खेळेल, बेलरने पाठीमागून यावे. बेलरला बाकावर बसून वर्ष काढता आले असते. पगार ठरलेला होता, आणि संघ यंदा बलाढ्य आहे हे त्यासही दिसत होते. परंतु 4 नोव्हेंबर 1971 रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. जो दर्जा आपण राखीत आलो तो यापुढे राखता येत नाही, मग केवळ दिवस लांबविण्यात अर्थ नाही, असे त्याचे म्हणणे पडले.

दुसऱ्या दिवशी, 5 नोव्हेंबरच्या रात्री, लेकर्स त्याच्यावाचून खेळले आणि जिंकले. त्यानंतरचाही सामना जिंकले. मग त्यानंतरचाही. सबंध नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, आणि 7 जानेवारी 1972 पर्यंत त्यांनी सलग 33 सामने जिंकले. अमेरिकेच्या कोणत्याही मोठ्या धंदेवाईक सांघिक खेळात एवढी विजयमाला दुसऱ्या कोणास गुंफता आलेली नाही. मे महिन्यात त्यांनी अजिंक्यपदही मिळविले. ज्या पदासाठी बेलर चौदा हंगाम झगडला ते त्याची जागा रिकामी होताच सहा महिन्यांत घरी चालत आले.

येथे आमच्या बैठकीत मतभेद झाला. पुतण्या म्हणाला, "म्हणजे काका, अडचण तोच होता की काय?" आमच्या वडील बंधूंचे म्हणणे असे पडले की, 846 सामन्यांत प्रत्येकी 27.4 गुण करणारा माणूस अडचण नव्हे, आधार असतो. पण घराच्या खांबालाही एक वय असते. बंधू गेल्या वर्षीच पेढीच्या कामातून मोकळे झाले आहेत व किल्ल्या मुलाच्या हाती देऊन आता दिवसातून चार वेळा पेढीवर चक्कर मारतात, तेव्हा त्यांच्या बोलण्याकडे सर्वांनी आदराने दुर्लक्ष केले. आम्हांस स्वतःस त्या नोव्हेंबरची ती एक रात्र डोळ्यांपुढून जात नाही. माणूस घरी बसला आहे, संघ जिंकतो आहे, आणि प्रत्येक विजयागणिक वर्तमानपत्रे त्याच्या निवृत्तीच्या तारखेपासून मोजदाद करीत आहेत. चार्ल्स्टनच्या रात्री त्याच्या न खेळण्याने संघ हरला होता. या वेळी त्याच्या न खेळण्याने जिंकत होता. दोन्ही वेळा निर्णय त्याचाच होता. पहिला घेणे सोपे होते असे आम्ही म्हणणार नाही, पण दुसऱ्यास रागाचा आधार नव्हता.

पुढील आयुष्य थोडक्यात सांगतो. 1977 साली त्यास त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. न्यू ऑर्लिन्सच्या संघाचा शिक्षक म्हणून त्यास यश आले नाही. 1986 पासून 2008 पर्यंत, बावीस वर्षे, त्याने लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या एका संघाचा, क्लिपर्सचा, कारभार पाहिला. तेथे बहुतेक वर्षे हरण्यातच गेली. ती नोकरी सुटल्यावर 2009 साली त्याने मालक डॉनल्ड स्टर्लिंग यांच्यावर भेदभावाचा दावा लावला आणि 2011 साली ज्यूरीने तो फेटाळला. तीन वर्षांनी, 2014 साली, त्याच मालकाचे कृष्णवर्णीयांविषयीचे खाजगी उद्गार बाहेर आले आणि खेळाच्या संघटनेने त्यांस जन्मभरासाठी बाहेर काढले. 6 एप्रिल 2018 रोजी लॉस एंजेलिसच्या क्रीडागृहाबाहेर बेलरचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. पुतळा अर्थातच उडी घेतलेला आहे. 22 मार्च 2021 रोजी वयाच्या 86 व्या वर्षी त्याचे देहावसान झाले.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. 1972 च्या विजयानंतर लेकर्सनी आपल्या गड्यांस अजिंक्यपदाच्या अंगठ्या दिल्या, तेव्हा एक अंगठी बेलरलाही दिली. हंगामातले पहिले नऊ सामने तो खेळला होता म्हणून, की त्या आधीच्या तेरा वर्षांसाठी, याची उकल ज्याने त्याने करावी. बेलरने ती घेतली. पुढे 2013 साली त्याने आपल्याजवळच्या पुष्कळ स्मृतिवस्तू लिलावास काढल्या, त्यांत ती अंगठीही होती.

पुतण्यास हे मुळीच रुचले नाही. आत्याबाईंनी वळलेल्या वाती मोजून डब्यात ठेविल्या, डब्याचे झाकण लाविले आणि "बरे केले त्याने," एवढेच म्हणून त्या निजावयास गेल्या.